ओझाई स्वतः धाकटा होता, हे विसरू नका

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टून मालिकेतल्या राजपुत्र झुकोला आगीची विद्या उशिरा जमली, धाकटी बहीण अझुला जात्याच हुशार, म्हणून बापाला, राजा ओझाईला, तो नावडता, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटलं. ओझाई स्वतः धाकटा. बाप अझुलॉनचा जीव मोठ्या आयरोहवर. आयरोहचा मुलगा युद्धात गेल्यावर ओझाई लगेच गादी मागायला गेला, तेव्हा अझुलॉन भडकला: थोरला मुलगा गमावण्याचं दुःख तूही भोग. म्हणजे झुकोचा जीव द्यायचा. झुकोच्या आईने, उर्साने, सौदा करून पोराला वाचवलं आणि स्वतः हद्दपार झाली. त्यानंतर झुको समोर आला की ओझाईला काय आठवत असेल? शिवाय थोरला, मवाळ, नव्या सैनिकांचा बळी देऊ नका म्हणून भर बैठकीत बोलणारा. हा तर दुसरा आयरोहच! तेरा वर्षांच्या पोराचा चेहरा जाळण्याइतका राग नुसत्या दुबळेपणाचा नसतो.

परळला आमच्या चाळीत एक काका होते. वडील गिरणीतून बसले तेव्हा बदलीची जागा मोठ्या भावाला मिळाली, काका हातगाडीवर. (पुढे ८२च्या संपात भावाचीही गेली, तो भाग वेगळा.) काकांना वाटायचं, धाकट्याचं दुःख आपल्यालाच ठाऊक. म्हणून धाकट्या मुलाला डोक्यावर घेतलं, आणि थोरल्याला पट्ट्याने मारायचे तेव्हा तोंडून नाव मात्र भावाचं निघायचं. अख्ख्या मजल्याने ऐकलंय ते.