सोलो रंगात आला की पाच जण पाच ठिकाणी: फॉर्म सांभाळायचा कसा?

टेनरवाला
पाच जणांचा जॅझ संच आहे: ट्रम्पेट, टेनर सॅक्सोफोन, पियानो, डबल बास, ड्रम्स. १२ बारचा (बार म्हणजे चार मात्रा) ब्लूज बरा जमतो. ३२ बारची एएबीए रचना (आठ-आठ बारांचे चार भाग: दोन सारखे ए, मग वेगळा बी म्हणजे ब्रिज, मग पुन्हा ए) मात्र वेग मिनिटाला २२० मात्रांच्या आसपास गेला की कोलमडते. तिसऱ्या कोरसपर्यंत (कोरस म्हणजे या साच्याची एक पूर्ण फेरी) निम्मे लोक ब्रिजमध्ये असतात, निम्मे शेवटच्या ए मध्ये. दुसरी अडचण, पियानो आणि बास एकत्र वाजले की खालचा भाग गढूळ ऐकू येतो. तिसरी, ड्रम्सबरोबर चार-चार बारची देवघेव करताना परत येण्याची जागा चुकते. तालमीत नेमकं काय करून घ्यावं? 'एकमेकांना ऐका' हा सल्ला मिळून झाला आहे, तो कृपया नको.

खर्जातला
एएबीएमध्ये हरवण्याची जागा जवळजवळ ठरलेली असते, आणि ती ब्रिज नव्हे. शेवटचा ए संपतो तोच पुढच्या कोरसचे दोन ए लागतात. म्हणजे सोलो चालू असताना एकसारखे तीन ए सलग येतात, २४ बार. त्यातल्या कितव्यात आहोत याचा विसर पडला की माणूस ब्रिजवर ८ बार आधी तरी पोचतो, नाहीतर ८ बार मागे तरी राहतो. बार मोजून हे सुटत नाही, कारण वाजवणारा माणूस मोजत नसतो. जागा कानाला ओळखू यायला हवी.

त्याची पहिली जबाबदारी बासची. सोलोच्या पहिल्या दोन कोरसमध्ये प्रत्येक भागाच्या पहिल्या मात्रेवर त्या कॉर्डचा मूळ स्वरच वाजवायचा. तिथे पर्यायी कॉर्डची हुशारी नको. कोरसच्या अगदी पहिल्या बारात तो स्वर खालच्या सप्तकात घ्या आणि दुसऱ्या ए च्या सुरुवातीला वरच्या सप्तकात. एवढ्यानेही सोलो वाजवणाऱ्याला कुठला ए चालू आहे ते कळतं. ड्रमरने ब्रिजला राइड सिंबल (ठेका चालू ठेवणारी थाळी) बदलावं आणि शेवटच्या ए ला परत पहिल्यावर यावं.

बी फ्लॅटमधले रिदम चेंजेस ('आय गॉट रिदम' या गाण्याचा कॉर्डचा साचा) वाजवत असाल तर ब्रिज म्हणजे डी७, जी७, सी७, एफ७, प्रत्येकी दोन बार. तो डी७ बासवर ऐकू आला की ज्याच्या हातात जे असेल ते सोडून त्याने तिकडे यायचं, हे आधीच ठरवून टाका. बासच चुकला असेल तरी त्याच्याच मागे जायचं. वाद तालीम संपल्यावर घाला.

एक सराव: वेग १२० ठेवा. पहिला ए वाजवा, दुसऱ्या ए ला सगळे गप्प, ब्रिज वाजवा, शेवटच्या ए ला पुन्हा गप्प. पाय आपटायचा नाही, मूळ धून मनात गात राहायची. बहुतेक जण गप्प असताना घाई करतात आणि ब्रिजवर लवकर उडी मारतात. हे दोन कोरस स्वच्छ गेले की वेग १० ने वाढवा. मग उलटं करा: पहिला ए आणि ब्रिज गप्प, दुसरा आणि शेवटचा ए चालू. हा प्रकार जास्त अवघड आहे, कारण ब्रिज कुणीच वाजवत नाही आणि तरी तो सगळ्यांच्या डोक्यात पूर्ण आठ बार चालला पाहिजे.

आणि खुणा. डोक्यावर हात म्हणजे मूळ धुनेवर परत, चार बोटं म्हणजे चार-चार बारची देवघेव, मूठ म्हणजे शेवट. खूण शेवटच्या ए च्या पहिल्या चार बारांतच द्या. शेवटच्या बारात दिलेली खूण दोघांना दिसते आणि तिघांना दिसत नाही.

डावा हात
गढूळपणाचं उत्तर सोपं आहे: पियानोच्या डाव्या हाताने मूळ स्वर सोडावा. तो बासकडे आहेच. शिवाय दोघांचं ट्यूनिंग केसभर जरी वेगळं असलं तरी खालच्या पट्टीत ते लगेच कानाला टोचतं.

सी मेजरमधला दोन-पाच-एक (सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड ओळीने) घ्या. डी मायनर ७ साठी एफ, ए, सी, ई. जी७ साठी एफ, ए, बी, ई. सी मेजर ७ साठी ई, जी, बी, डी. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फक्त सी चा बी होतो, बाकी बोटं जागेवर. हे सगळं मधल्या सी च्या आसपासच ठेवा. त्याच्या एक सप्तक खालच्या सी पेक्षा खाली थर्डचं (सी-ई सारखं) अंतर नेलं की स्वर वेगळे ऐकू येत नाहीत, नुसती गुरगुर उरते. पेडल जवळजवळ वर्ज्य.

याहून नाजूक भानगड डॉमिनंट कॉर्डवर, म्हणजे पाचव्या स्वरावरच्या जी७ वर होते. वर जी७ चा जो आकार दिला त्यात मूळ स्वरापासून मोजलेला नववा स्वर ए आहे. सॅक्सोफोनने तिथे ए फ्लॅट घेतला की अर्ध्या सुराची टक्कर होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, सोलो वाजवणारा चुकला. म्हणून नवा सोलो सुरू झाला की पहिला कोरस जी७ वर फक्त बी आणि एफ धरा. हे दोन स्वर कॉर्डची ओळख सांगतात आणि बाकी सगळं मोकळं सोडतात. वाजवणाऱ्याचा कल कळला की मग नववा, तेरावा हवा तसा जोडा.

लयीच्या बाबतीत: पहिल्या मात्रेवर एक आणि दुसरीच्या नंतरच्या अर्ध्यावर एक, या चार्ल्सटनच्या ठेक्यापेक्षा जास्त सुरुवातीला काही नको. ट्रम्पेटचं वाक्य लांब चाललं असेल तर सलग चार बार हात मांडीवर ठेवणं हीसुद्धा साथच आहे. (ट्रम्पेट आणि टेनर दोन्ही बी फ्लॅट वाद्यं. तुम्ही 'बी फ्लॅट' म्हणालात की ते त्यांच्या कागदावर सी असतं. कॉन्सर्ट की (पियानोच्या हिशेबाने पट्टी) कोणती, ते प्रत्येक वेळी तोंडाने सांगा. निम्मी 'फॉर्म चुकला' ही तक्रार खरं तर इथे सुरू होते.)

दोन आणि चार
देवघेवीचं गणित आधी कागदावर मांडा. ३२ बारांत चार-चारचे आठ तुकडे बसतात. म्हणजे प्रत्येक आठ बारांच्या भागात आधीचे चार वाद्याचे आणि नंतरचे चार ड्रम्सचे. ट्रम्पेट, ड्रम्स, टेनर, ड्रम्स असा क्रम ठेवला तर एका कोरसमध्ये दोन्ही फुंकवाद्यांना दोन-दोन पाळ्या मिळतात आणि कोरसचा शेवट नेहमी ड्रम्सवर होतो. हे सोपं आहे.

फसवा आहे तो ब्लूज. १२ बारांत चारचे तीनच तुकडे, म्हणजे विषम. पहिला कोरस वाद्य, ड्रम्स, वाद्य; दुसरा ड्रम्स, वाद्य, ड्रम्स. चक्र २४ बारांनी पुरं होतं. दुसऱ्या कोरसची सुरुवात ड्रम्सवर आहे हे लक्षात न राहिल्यामुळे लोक तिथे एकमेकांच्या अंगावर येतात. देवघेव थांबवायची तर सम संख्येच्या कोरसनंतर थांबवा.

ड्रमरची नेहमीची चूक म्हणजे तीन मात्रांचा तुकडा चार-चारच्या लयीवर फिरवत राहणं. चार बार म्हणजे १६ मात्रा. तीनचे पाच तुकडे म्हणजे १५, आणि एक मात्रा लोंबकळत राहते. तीच पुढच्या माणसाला खड्ड्यात घालते. तीनचे चारच तुकडे घ्या, बरोबर तीन बार होतात, आणि चौथा बार सरळ वाजवा. सगळ्या सोलोभर पायाने हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या दोन थाळ्या) बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चालू ठेवायचा. तो थांबला की बाकीचे अंदाजाने शिरतात. उलट बाजूने, फुंकणाऱ्यांनी ड्रम्सच्या चौथ्या बारात आधीच दोन-तीन स्वर टाकून शिरायची सवय निदान महिनाभर सोडावी. बासला ती सम वाटते.

मेट्रोनोम २२० वर लावू नका, ११० वर लावा आणि ती टिकटिक दोन आणि चारवर आहे असं धरा. पहिल्या दिवशी ती उलटून एक आणि तीनवर जाईल. गेली की थांबायचं, पुन्हा धरायचं.

'खर्जातला' यांच्याशी एका बाबतीत मतभेद: प्रत्येक भागाला सिंबल बदललं की संगीत पाट्या लावलेल्या रस्त्यासारखं होतं. खूण फक्त ब्रिजला पुरते. आणि कोरसच्या माथ्यावर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, क्रॅश (मोठ्या थाळीचा झणका) तर नकोच. सोलोचं वाक्य अनेकदा ती रेघ ओलांडून पुढे जात असतं, त्याचा गळा दाबला जातो.

खर्जातला
क्रॅश नको, मान्य. सिंबल बदलायचं मीही ब्रिजपुरतंच म्हटलं होतं.

टेनरवाला
सगळं उतरवून घेतलं. एक जोडप्रश्न: ब्रिज-बिज काहीच नसलेलं, पूर्ण मोकळं वादनही करायचं आहे. तिथे काय धरायचं?

डावा हात
तिथेही आधी ठरवलेलं असतंच. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने डिसेंबर १९६० मध्ये दोन चौकड्या समोरासमोर बसवून जे रेकॉर्डिंग केलं (एक चौकडी स्टीरिओच्या डाव्या बाजूला, दुसरी उजव्या), त्या सुमारे ३७ मिनिटांत सोलोचा क्रम ठरलेला होता आणि मधले एकत्र वाजवायचे तुकडे लिहिलेले होते. कॉर्डचा साचा तेवढा नव्हता.

सुरुवात एक-एक मिनिटाच्या तुकड्यांनी करा, घड्याळ लावून. नियम दोनच: एका वेळी एकानेच शिरायचं, आणि प्रत्येकाने किमान अर्धा वेळ गप्प राहायचं. पाचही जण सतत वाजवतात तेव्हा आवाज वाढतो आणि मग कुणालाच कमी करता येत नाही. मोकळ्या वादनातला मुख्य बिघाड हाच. दुसरा बिघाड शेवटाचा. आवाज विरला की कुणीतरी न राहवून एक स्वर टाकतो आणि गाडी पुन्हा सुरू होते. विरला की हात खाली, हे बोलून ठेवा.

दोन आणि चार
शेवटी बसण्याची जागा बघा. ड्रम्स आणि बास शेजारी, राइड सिंबल बासच्या बाजूला, पियानो असा, की वाजवणाऱ्याला दोघांचे हात दिसतील. आवाजाला ५ मीटर जायला साधारण १५ मिलिसेकंद लागतात, आणि २२० च्या वेगात एक मात्रा सुमारे २७३ मिलिसेकंदांची असते. खोलीच्या दोन टोकांना बसून एकमेकांना 'तू मागे पडतोस' म्हणणाऱ्यांनी आधी खुर्च्या सरकवून पाहाव्यात.