मदत हवी आहे: सड्यावरच्या वनस्पती सर्व्हेला २० क्वाड्रॅट पुरतात का?

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खाणीच्या पर्यावरण मंजुरीसाठी वनस्पतींचा बेसलाइन (खाणीआधीची स्थिती नोंदवणारा) सर्व्हे चाललाय, त्यात फील्डचं काम माझ्याकडे आहे. एक बाय एक मीटरचे २० क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीचे चौकोन, झालेत आणि सर म्हणतात एवढे बास, रिपोर्ट लिहायला घे. मला पटत नाहीये, पण नुसतं पटत नाही म्हणून कोण ऐकणार, आकडा दाखवावा लागेल ना.

कव्हरची, म्हणजे वनस्पतींनी झाकलेल्या जमिनीची, सरासरी ४० टक्के आलीय, एस डी (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) १८. सॅम्पल पुरेसं आहे का हे बघायचं सूत्र अमेरिकेतल्या कोळसाखाणींच्या कामात वापरतात ते घेतलं. तिकडे १९७७ च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे खाणीनंतर जमीन परत हिरवी झाली हे ९० टक्के कॉन्फिडन्सने दाखवावं लागतं. तर टी (कॉन्फिडन्स आणि सॅम्पलच्या संख्येवरून तक्त्यात मिळणारा आकडा) गुणिले एस डी, त्याला जेवढी चूक चालणार आहे तिने भागायचं आणि येईल त्याचा वर्ग. सरासरीच्या १० टक्के, म्हणजे ४, एवढी चूक धरली आणि टी १.७२९ घेतला तर ६१ क्वाड्रॅट येतात, टी १.३२८ घेतला तर ३६, आणि टी १.७२९ च ठेवून चूक २० टक्के चालेल म्हटलं की १६ मध्येच काम होतं! मग खरं काय धरायचं? शिवाय क्वाड्रॅट वाढतील तसा प्रजातींचा आलेख अजून वरच चाललाय, ३८ प्रजाती मिळाल्यात, त्यातल्या १२ फक्त एकेकाच क्वाड्रॅटमध्ये आणि ६ दोन-दोन मध्ये. एकदा इथे जेसीबी फिरला की परत मोजायला काही उरणार नाही, म्हणून जीव तुटतोय.

कातळवाट: ताई, १.३२८ हा एकतर्फी टी. नवीन झाडोरा ठरलेल्या मापापेक्षा कमी तर नाही ना, एवढंच तपासायचं असेल तर तो चालतो. तुम्हाला सरासरी किती हे सांगायचंय, म्हणून दुतर्फी (कमी आणि जास्त दोन्ही बाजू धरणारा), १.७२९ च बरोबर. फक्त ६१ आले की तेवढ्या सॅम्पलचा टी घेऊन गणित पुन्हा करा, आकडा ५७ वर येऊन थांबतो. आणि १० की २० टक्के हे सर्व्हेच्या आधी ठरवून लिहून ठेवायचं असतं, क्वाड्रॅट टाकून झाल्यावर सोयीचा आकडा निवडला तर त्या सूत्राला काही अर्थच राहत नाही.

पण कव्हर पुरेसं मोजलं म्हणजे प्रजाती पुरेशा सापडल्या असं होत नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या आकड्यांवर चाओ-२ (न दिसलेल्या प्रजातींचा अंदाज देणारं सूत्र) लावून बघितलं तर निदान ४९ च्या आसपास प्रजाती असाव्यात असं येतं, म्हणजे दहा-अकरा अजून दिसल्याच नाहीत. सरांपुढे हाच आकडा ठेवा.

दुसरं, उघडा कातळ, मातीचा पातळ थर, डबकी आणि झुडपांची बेटं हे सगळं एकत्र करून सरासरी काढली असेल तर एस डी फुगणारच. प्रत्येक भाग वेगळा धरा आणि प्रत्येकात गणित वेगळं करा.

गेंदफूल: सर्व्हे कुठल्या महिन्यात केला ते लिहिलंच नाही? खाणींच्या टीओआर (अभ्यासात काय काय हवं ते सांगणारी मंजुरीची अटींची यादी) मध्ये बेसलाइन एका सीझनची आणि पावसाळा सोडून मागतात. सड्यावर तर सगळा खेळच पावसाळ्याचा! दीपकाडी पावसाच्या सुरुवातीला फुलते, मग कांदा जमिनीत. सीतेची आसवं, गेंद, तेरडा हे ऑगस्ट-सप्टेंबरात बघून घ्यायचं. डिसेंबरात ५७ काय ५०० क्वाड्रॅट टाकले तरी ती मिळणार नाहीत, त्याला कुठलं सूत्र काय करणार. पावसाळी फेरी मागून घ्या, पावसाळ्यातला डेटा जास्तीचा द्यायला कोणी अडवत नाही.

धागाकर्ती: दोघांचे खूप आभार. सर्व्हे नोव्हेंबरचाच आहे, त्यामुळे पावसाळी फेरीचं लेखीच मागते. एकच राहिलं, डबक्यांचा भाग अगदी थोडा आहे, तिथे सूत्राएवढे क्वाड्रॅट बसलेच नाहीत तर?

कातळवाट: मग सॅम्पल कशाला, सगळीच डबकी मोजा. प्रत्येकाचं जीपीएस घ्या, फोटो काढा आणि यादी रिपोर्टला जोडा.