कुंडीतल्या भद्राक्षाचा बुंधा काळा पडतोय

प्रश्न:
समुद्रकाठच्या वाळूत वाढणारं भद्राक्ष (स्कॅव्होला टक्काडा) हल्ली फार कमी दिसतं, म्हणून दोन फांद्या आणून कुंडीत लावल्या. चांगली काळी माती, निम्मं शेणखत, रोज सकाळी पाणी. महिनाभरात खालची पानं पिवळी पडली. आता एका फांदीचा बुंधा मातीलगत काळा पडलाय, दाबला तर मऊ लागतो. समुद्राचं झाड आहे, तर पाण्यात थोडं मीठ घालू का?

उत्तर १:
मीठ नको हो! आधी पाणी थांबवा.

उत्तर २:
ताई, मीठ त्याला सोसतं, पण लागत नाही. बीसुद्धा महिनोन्‌महिने समुद्रात तरंगतं, पण रुजतं ते गोडं पाणी मिळाल्यावरच.

तुमचं झाड लाडानं सडतंय. माझंही पहिलं असंच गेलं, फार वाईट वाटलं होतं. मऊ झालेली फांदी वाचणार नाही. तिचा शेंडा अजून टणक असेल तर वीतभर तुकडा कापा, काप आतून हिरवट-पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी डाग दिसला तर आणखी वर कापा. खालची पानं काढून नुसत्या जाड, धुतलेल्या वाळूत खोचा आणि सावलीत ठेवा. नवी पानं आली की ऊन द्या, जितकं मिळेल तितकं. नंतरच्या कुंडीतही निम्म्याहून जास्त वाळू हवी, खत चिमूटभर. बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी.

पानाच्या बगलेत पांढरी रेशमी लव असते, तिला बुरशी समजून औषध मारू नका. आणि फूल अर्धंच उमलल्यासारखं दिसेल. पाचही पाकळ्या एकाच बाजूला, पंख्यासारख्या. ते तसंच असतं. मी पहिलं फूल पाहिलं तेव्हा किडीनं खाल्लं म्हणून पानन्‌पान उलटून पाहिलं होतं.

एक कळकळीची विनंती. किनाऱ्यावरचं झाड उपटून आणू नका, तिथली वाळू त्याच्याच मुळांनी धरलेली असते. पिकून खाली पडलेली पांढरी फळं घ्या, फार तर एखादी फांदी.

उत्तर ३:
आणि जिथलं ते मूळचं नाही तिथे लावूच नका. फ्लोरिडात बाहेरून आणून लावलं, तर किनाऱ्यावर पसरून तिथल्याच स्कॅव्होला प्लुमिएरीची जागा घेऊ लागलं.

प्रश्नकर्ती:
कापलं. एकीचा शेंडा आतून हिरवा निघाला, वाळूत खोचलाय. दुसरीची कुंडी रिकामी करतेय, तळाचं भोकच मातीनं बुजलं होतं.