लीड्स, मँचेस्टर, न्यूकॅसल: ओळखीच्यांकडे राहून काय काय बघून होईल? (सोबत सासूबाई)

पळसपान:
नमस्कार मंडळी, जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं इंग्लंडला जातोय, मी, नवरा आणि सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात पण उत्साह माझ्या दुप्पट). लंडन दोनच दिवस ठेवलंय, पुढचे नऊ दिवस सगळे उत्तरेला, कारण आपली माणसं तिकडे आहेत. लीड्सला माझी हॉस्टेलची रूममेट, मँचेस्टरला नवऱ्याचा जुना ऑफिसातला मित्र आणि न्यूकॅसलला माझी मावसबहीण. तिघंही "या ना, आमच्याकडेच उतरा" म्हणतायत, पण तिघांच्याही नोकऱ्या आणि दोघांकडे लहान मुलं. नवऱ्याने एक्सेल शीट बनवलीय, त्यात मँचेस्टर, लिव्हरपूल, लीड्स, यॉर्क, डरहॅम, न्यूकॅसल आणि वर लेक डिस्ट्रिक्टपण कोंबलंय, मला ते वाचूनच दम लागला. तर कोणाकडे किती दिवस राहावं, काय सोडलं तर चालेल, ट्रेनचं कसं करायचं आणि नेताना काय न्यावं? सासूबाई अंडं खातात पण बाकी शाकाहारी. गाडी भाड्याने घ्यायची नाहीये, नवऱ्याला तिकडे चालवायची भीती वाटते (हे त्याने लिहू नको सांगितलं होतं).

ओली छत्री:
मी लीड्सची, आठ वर्षं झाली, आणि दर उन्हाळ्यात आमच्याकडे कोणी ना कोणी असतं, त्यामुळे आधी यजमानाच्या बाजूने बोलते. राग मानू नका. सोमवार ते शुक्रवार तुमच्या मैत्रिणीला तुमच्याबरोबर फिरायला वेळ नसणार, ती तोंडाने नाही म्हणणार नाही पण लॅपटॉप उघडून एका डोळ्याने तुम्हाला पोहे करून देईल. म्हणून वीकडेजना तुम्ही सकाळी डबा घेऊन आपले आपले बाहेर पडा आणि शनिवार रविवार पूर्ण तिच्यासाठी ठेवा, त्या दोन दिवसांत काहीही "बघायला" जाऊ नका, फार तर कर्कस्टॉल ॲबेला जा, पडक्या मठाभोवती मोठं हिरवं मैदान आहे, मुलं धावतात, मोठी माणसं चटई टाकून बसतात. आमच्याकडे एकदा एक जोडपं आलं होतं, पाच रात्री राहिले आणि जाताना लक्षात आलं की आम्ही नीट गप्पाच मारल्या नाहीत, ते रोज रात्री नऊला थकून यायचे आणि मी वरणभात गरम करून द्यायचे. वाईट वाटलं खरं.

लीड्समध्ये मुक्काम करून यॉर्क सहज होतं, ट्रेनने अर्धा तासही लागत नाही. यॉर्कला मिन्स्टर, म्हणजे तिथलं मोठं कॅथीड्रल, आहेच (तिकीट आहे, आणि महाग वाटेल, तरी आत जा), त्याची पूर्वेकडची मोठी काचेची खिडकी १४०८ साली पूर्ण झाली आणि आकाराने जवळपास टेनिस कोर्टाएवढी आहे, सासूबाईंना खुर्चीवर बसवून निवांत बघू द्या. शहराच्या तटबंदीवरून चालणं सगळे सुचवतील, पण पायऱ्या अरुंद, दगड झिजलेले आणि बऱ्याच ठिकाणी एका बाजूला कठडा नाही. गुडघ्यांसाठी नको, तुम्ही दोघं एक तुकडा चालून या. त्यापेक्षा स्टेशनच्या मागेच रेल्वे म्युझियम आहे, फुकट, सपाट, बसायला जागा भरपूर, आणि तिथे ते निळं मॅलार्ड इंजिन उभं आहे, १९३८ मध्ये ताशी १२६ मैल पळालेलं, वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. यॉर्कला शनिवारी मात्र जाऊ नका, शॅम्बल्सच्या गल्लीत तुळशीबागेतल्यासारखं खांद्याला खांदा लागतो.

पावसाचा दिवस निघाला (निघणारच) तर लीड्समधलं रॉयल आर्मरीज. शस्त्रांचं म्युझियम म्हणून बायका नाक मुरडतात, मीपण मुरडलं होतं, पण तिथे हत्तीचं चिलखत आहे, आपल्याकडचं, लेडी क्लाइव्हने १८०१ मध्ये इकडे आणलेलं, अख्ख्या हत्तीच्या आकारावर चढवून ठेवलंय. बघून आधी तोंडात बोट जातं आणि मग मनात येतं की हे इथे काय करतंय. प्रवेश फुकट.

टाइनकाठची:
ओली छत्री यांना अनुमोदन. लेक डिस्ट्रिक्ट काढून टाका, गाडी नाही म्हणताय तर दिवसभर बसची वाट बघत बसाल, वेगळी ट्रिप करा त्याची.

न्यूकॅसलला किमान तीन रात्री द्या, सगळे एक दिवस देतात आणि मग म्हणतात काही नाही तिथे. आता महत्त्वाचं ऐका, यॉर्कहून वर येताना ट्रेनमध्ये उजव्या बाजूची खिडकी धरा, भांडून धरा. डरहॅमला गाडी उंच पुलावरून जाते तेव्हा खाली सगळं गाव आणि समोर टेकडीवर कॅथीड्रल आणि किल्ला दिसतो, मग पुढे त्याच बाजूला एंजल ऑफ द नॉर्थ हा पंख पसरलेला अवाढव्य पुतळा, आणि शेवटी टाइन नदी ओलांडताना सगळे पूल एकामागे एक. मी इतक्या वेळा गेलेय तरी अजून फोन खाली ठेवते त्या पाच मिनिटांत.

डरहॅम वेगळा दिवस काढून करा, न्यूकॅसलहून पंधरा मिनिटांची ट्रेन. स्टेशन वर, गाव खाली, कॅथीड्रल परत वर, त्यामुळे सासूबाईंना टॅक्सी करा, उगाच पैसे वाचवू नका. बांधकाम १०९३ मध्ये सुरू झालेलं, खांब एवढे जाड की तिघांनी हात धरून मिठी मारली तरी पुरणार नाही, आणि गोल खांबांवर वेगवेगळी नक्षी कोरलेली. प्रवेशाला तिकीट नाही, पेटीत काय टाकायचं ते टाका.

एंजलला २१ नंबरची बस जाते, पायथ्याशीच सोडते. २० मीटर उंच, पंख ५४ मीटर, गंजलेल्या रंगाचं लोखंड. इथल्या लोकांनी १९९८ मध्ये उभारलं तेव्हा नावं ठेवली होती, आता कोणी वाकडं बोललं तर अंगावर येतात. संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड असतो जूनमध्ये, बहीण कामावरून आली की तेव्हा जा, मुलांनापण घेऊन, वारा प्रचंड, टोपी उडते. आणि एक दिवस मेट्रोने टाइनमथला समुद्रावर जा, पाणी गार म्हणजे पायाला झिणझिण्या.

साचेवाल्याचा नातू:
मँचेस्टरबद्दल लिहितो, जरा लांबेल. लोक येतात, ओल्ड ट्रॅफर्डला फोटो काढतात, करी माइलवर (देशी हॉटेलांचा रस्ता) जेवतात आणि मँचेस्टरमध्ये काय एवढं म्हणतात. (ओल्ड ट्रॅफर्ड दोन आहेत, एक फुटबॉलचं, एक क्रिकेटचं, मित्राला नीट विचारून निघा. ट्रामचा ओल्ड ट्रॅफर्ड स्टॉप क्रिकेटच्या ग्राउंडला चिकटून आहे. १९९० मध्ये सतरा वर्षांच्या सचिनने पहिलं कसोटी शतक तिथे मारलं, नाबाद ११९, आणि २०१९ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनलपण तिथलीच, त्याबद्दल मी बोलणार नाही.)

माझे आजोबा लालबागला गिरणीत साचेखात्यात (साचे म्हणजे कापड विणायचे माग) होते. लहानपणी घरात सगळे मोठ्याने बोलायचे त्याचं कारण मला कळलं ते इथे आल्यावर. एअरपोर्टजवळ स्टायलला क्वारी बँक मिल आहे, १७८४ ची सूतगिरणी, पाण्याच्या चाकावर चालायची, आता नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू जपणारी संस्था) आहे. तिथे जुने साचे चालू करून दाखवतात. तो माणूस म्हणाला आता दोनच चालू करतो, आणि धोटा इकडून तिकडे आपटायला लागल्यावर माझ्या बायकोने कान झाकले, मी तिथेच उभा राहिलो. दोन साच्यांचा एवढा आवाज, आजोबांच्या खात्यात शेकडो असतील. शेजारी अप्रेंटिस हाउस आहे, गिरणीत काम करणारी अनाथ मुलं तिथे राहायची, ते बघून मन जड होतं.

मँचेस्टरला कापूस लागायचा आणि अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) सुरू झाल्यावर तिकडचा बंद झाला, तेव्हा मुंबईतून आलेल्या कापसावर इथल्या गिरण्या तगल्या आणि तिकडे आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या हातात पैसा खुळखुळला. अजून एक, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ ला धावली, त्या रेल्वेची पहिली इंजिनं मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या मधे न्यूटन-ले-विलोजला वल्कन फाउंड्रीत बनलेली. ट्रेनने लिव्हरपूलला जाल तेव्हा सासूबाईंना सांगा, वेळ जाईल.

शहरात फक्त जॉन रायलंड्स लायब्ररी चुकवू नका, फुकट, आत गेलं की देवळात आल्यासारखं वाटतं. एका श्रीमंत कापूसवाल्याच्या विधवेने नवऱ्याच्या नावाने बांधली, १९०० मध्ये उघडली.

आवशीचो घोव:
लिव्हरपूल काढू नका हो! मँचेस्टर एक दिवस कमी करा हवं तर. अल्बर्ट डॉक, मर्सी नदीवरची फेरी, आणि एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन कॅथीड्रलं, रस्त्याचं नाव होप स्ट्रीट. मोठं आहे ते गाइल्स गिल्बर्ट स्कॉटने काढलेलं, लाल टेलिफोन बूथपण त्याचंच डिझाइन. आणि वर ज्या एंजलचं कौतुक चाललंय त्याच शिल्पकाराचे शंभर लोखंडी पुतळे क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर आहेत, समुद्राकडे तोंड करून उभे, भरती आली की गळ्यापर्यंत पाण्यात. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर कोणी असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर जाळी वाळत घातली असती. बीटल्सची घरं आतून बघायची तर आधी बुकिंग लागतं, दारात जाऊन मिळत नाही.

ओली छत्री:
खाण्याचं राहिलं. यॉर्कशायरमध्ये बऱ्याच फिश अँड चिप्सच्या दुकानात बटाट्याचे चिप्ससुद्धा बीफच्या चरबीत तळतात, पिढ्यान् पिढ्यांची पद्धत आहे, बोर्डवर ड्रिपिंग असं लिहिलेलं असतं. शाकाहारी माणसाला कल्पनाच नसते. तेलात तळता का असं विचारूनच घ्या. यॉर्कशायर पुडिंगचंही तेच विचारा, आणि ते गोड नसतं, आमच्या बाबांनी चमच्याने साखर टाकली होती. मशी पीज म्हणजे आपला रगडा समजा, फक्त मीठ मसाला विसरलेला.

आणताना दूध आणि मांसाचं काही नको, तूप, पेढे, श्रीखंड चालत नाही, एअरपोर्टवर काढून घेतात. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला आणा, यजमान पायावर डोकं ठेवतील. आणि रविवारी मोठी सुपरमार्केटं फक्त सहा तास उघडी असतात, आठवडाभराची भाजी शनिवारीच.

रुळावरून:
ट्रेनचं कोणी लिहिलं नाही म्हणून. तुम्ही तिघं आहात ना, मग ग्रुपसेव्ह बघा, तीन ते नऊ जण एकत्र असले की गर्दीची वेळ सोडून तिकिटात एक तृतीयांश सूट, कार्डबिर्ड काही लागत नाही. ॲडव्हान्स तिकिटांवर मात्र ते चालत नाही, ती आधी काढली की तशीच स्वस्त पडतात पण त्याच गाडीला बांधलेली. लांबच्या पल्ल्याला ॲडव्हान्स, जवळच्याला ग्रुपसेव्ह, असं मी करतो. सासूबाईंचं सीनियर रेलकार्ड परदेशी पाहुण्यांनाही काढता येतं, साठ पूर्ण पाहिजेत, पण नऊ दिवसांसाठी परवडतं का ते गणित करून बघा. आणि घरच्यांना पोचायची वेळ सांगताना अर्धा तास वाढवून सांगा, आमची गाडी मागच्या वेळी ऐन वेळी रद्द झाली आणि तिकडे काकू कुकर लावून बसल्या होत्या.

पळसपान:
बापरे, एवढं सगळं! एक्सेल शीट फाडली (म्हणजे डिलीट केली, नवरा तोंड पाडून बसलाय). आता असं ठरतंय, मँचेस्टर दोन रात्री, त्यात एक दिवस गिरणी आणि एक दिवस लिव्हरपूल, मग लीड्सला शुक्रवारी संध्याकाळी पोचून चार रात्री, शनिवार रविवार रूममेटबरोबर नुसतं लोळायचं, यॉर्क सोमवारी, मंगळवारी उजव्या खिडकीतून न्यूकॅसल, तिथे तीन रात्री. सासूबाईंना साचेवाल्यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या माझे वडीलपण परळच्या गिरणीत बदलीवर होते. लग्नाला सोळा वर्षं झाली, मला हे माहीतच नव्हतं. @साचेवाल्याचा नातू, साचे कुठल्या वेळेला चालू करतात, सकाळी की दुपारी?

साचेवाल्याचा नातू:
आम्ही दुपारी पाहिले होते, पण वेळ ठरलेली नसते, गेल्या गेल्या दारात विचारून घ्या. आत लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी नको. आणि त्यांना मशीनच्या जवळ उभं करा.