मदत हवी: .३२ सेंटर फायर पिस्तुलात पुंगळी अडकते. काडतुसं घरी भरणं हा उपाय आहे का?

टिळकवाडीचा_नेमबाज

नमस्कार मंडळी. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल हा नेमबाजीचा प्रकार खेळतो. पिस्तूल .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटर (सपाट तोंडाची गोळी) काडतुसाचं, सेमी-ऑटोमॅटिक, परदेशी बनावटीचं. एका सीनियर खेळाडूकडून घेतलं आणि रीतसर लायसन्सवर चढवलं. जुन्या काडतुसांवर काही तक्रार नव्हती. आता नवीन लॉट मिळालाय. प्रिसिजनला (सावकाश नेमाचा टप्पा) चालतो, पण रॅपिडला (झटपट टप्पा) लागलो की मधेच एखादी रिकामी पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं कवच) स्लाइडच्या, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या, खिडकीत उभी अडकते. ३ सेकंदांत एक गोळी मारायची, मग ७ सेकंद टार्गेट बंद. त्यात हे झालं की पुढची सगळी सिरीज डोक्यातून जाते.

माझा मावसभाऊ टेक्सासला असतो. तो घरीच प्रेसवर, म्हणजे हाताने दाबायच्या यंत्रावर, वापरलेल्या पुंगळ्यांत परत काडतुसं भरतो (रिलोडिंग). म्हणतो, "तुझ्या पिस्तुलाला जमेल तेवढीच पावडर घालायची, प्रश्नच मिटला. प्रेस आणि तिचे साचे (डाय) पाठवून देतो." आमच्याकडं एकतर ही काडतुसं मिळायची मारामार, त्यात लॉट निवडायला कोण देतंय? म्हणून मोह व्हायलाय. दोन गोष्टी सांगा: दोष काडतुसाचा, पिस्तुलाचा की हाताचा, हे ओळखायचं कसं? आणि आपल्याकडं रिलोडिंग चालतं का?

खानापूर_एक्स्प्रेस

.२२ घे की भावा, एवढी कटकट कशाला. ती तर भरायचा विचारही करता येत नाही.

टिळकवाडीचा_नेमबाज

का येत नाही?

खानापूर_एक्स्प्रेस

.२२ मध्ये वेगळा प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी) नसतो. मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. ती पुंगळी परत काय कामाची? तुझ्या .३२ मध्ये प्रायमर मधोमध, बदलता येणारा. म्हणून तर तुझा भाऊ भरतोय.

स्टुटगार्टकर

मूळचा निपाणीचा, सध्या जर्मनीत. इथे मी रिलोडिंग करतो म्हणून लिहितो. टेक्सासचं उदाहरण घेऊ नका. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला लायसन्स लागत नाही. जर्मनीत मला आधी कोर्स, मग परीक्षा, मग स्फोटक कायद्याखालचा परवाना, आणि पावडर ठेवायच्या जागेचे नियम वेगळेच. एवढं करूनही वॉडकटर भरताना मला थोडी भीती वाटते, आणि ती वाटायलाच हवी. या काडतुसात पावडर इतकी कमी असते की चुकून दुप्पट पडली तरी पुंगळीतून वर येत नाही. वरून गोळी काठाला लावून बसवली की संपलं, बाहेरून काही कळत नाही.

निवृत्त_आर्मरर

आधी कायद्याचं बोलतो, म्हणजे तो विषय संपेल. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे भाग येतात आणि काडतूस बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे पावडर दूरच राहिली, भावाने कुरिअरने पाठवलेली प्रेस आणि डायसुद्धा त्यात बसू शकते. काडतूस बनवायला कलम ५ खाली वेगळं लायसन्स लागतं. तुमच्याकडचं लायसन्स पिस्तूल बाळगायचं आहे. भावाला आजच फोन करा आणि पार्सल थांबवा.

आता पिस्तुलाकडे येऊ. तुमचं पिस्तूल ब्लोबॅकवर चालतं. पुंगळी मागे ढकलली जाते, ती स्लाइडला ढकलते, स्लाइड स्प्रिंग दाबत मागे जाते, पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना नवीन राउंड उचलते. या सगळ्याला ताकद फक्त काडतुसाची. ती कमी पडली किंवा स्प्रिंग जास्त ताठ असली की स्लाइड पूर्ण मागे पोचत नाही आणि पुंगळी अर्ध्या वाटेत चिमटीत सापडते. तुम्ही वर्णन केलंय ते हेच.

आता पुढच्या वेळी असं बघा. जुन्या लॉटमधले उरलेले राउंड आणि नवीन लॉट एकाच दिवशी, एकाच मॅगझिनने मारा. पुंगळ्या कुठे पडतात ते कुणाला तरी बघायला सांगा. नवीन लॉटच्या जवळ, पायाशी पडत असतील तर लॉट मऊ आहे. पुंगळीची बाहेरची बाजूही बघा. दाब कमी असेल तर पुंगळी चेंबरला (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) नीट चिकटत नाही, गॅस मागे सरकतो आणि बाहेरून काजळी धरते. रेंजवर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर उत्तमच, पण पुंगळ्यासुद्धा खोटं बोलत नाहीत.

फक्त रॅपिडलाच होतंय म्हणता, त्यात हाताचाही वाटा असणार. प्रिसिजनला मनगट घट्ट करायला वेळ मिळतो. रॅपिडला हात ४५ अंशांवरून वर येतो, मनगट सैल राहिलं तर फ्रेमच स्लाइडबरोबर मागे जाते आणि उरलीसुरली ताकद तिथे संपते. काठावरचा लॉट असा हात पकडून देतो.

मॅगझिनही तपासा. .३२ लाँगच्या पुंगळीला कड असते. भरताना वरच्या राउंडची कड खालच्या कडेच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. तो दोष पुंगळी उभी राहण्याचा नाही, नवीन राउंड न चढण्याचा आहे, पण घाईत दोन्ही सारखेच वाटतात.

टिळकवाडीचा_नेमबाज

काका, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. अडकल्यावर मी सवयीने स्लाइड ओढून पुढची मारतो, ते ठीक की?

निवृत्त_आर्मरर

अजिबात नाही. गोळी नळीतच राहिली असेल तरी स्लाइड चालत नाही. प्रायमर उडाला, पावडर नव्हती, गोळी नळीत अडकली, तरी तुम्हाला वाटणार नेहमीसारखंच अडकलं. आवाज मात्र फुसका येतो. तुम्ही स्लाइड ओढून पुढची मारली तर नळी फुगणार, नशीब वाईट असेल तर हातात फुटणार. घरी भरलेल्या काडतुसात हा धोका जास्त, आणि तुमची ही सवय त्यावर कळस. थांबा, मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का बघा, मगच पुढे.

मॅचमध्ये तर हात लावूच नका. पिस्तूल टार्गेटकडे, पकड तशीच, मोकळा हात वर, रेंज ऑफिसरला बोलवा. आपण स्लाइड उघडली की खोळंबा ग्राह्य धरतच नाहीत.

कागलवाला

कोगनोळी टोल ओलांडून आमच्याकडं महाराष्ट्रात सरावाला येणार असाल तर लायसन्सवरचं क्षेत्र आधी वाचा, सगळ्यांच्याच लायसन्सवर अख्खा भारत लिहिलेला नसतो. आणि तुमच्या सीमेवरच्या लोकांना दुहेरी ताप: कर्नाटकात निवडणूक लागली की हत्यार जमा करायची नोटीस, आमच्याकडं लागली की नाक्यावर तपासणी. खेळाडू म्हणून सूट मिळते, पण अर्ज वेळेत डीसी ऑफिसला जायला पाहिजे.

टिळकवाडीचा_नेमबाज

अपडेट देतो. भावाला फोन केला, पार्सल निघालेलं नव्हतं. दोन्ही लॉट शेजारी मारून बघितले. जुन्या लॉटच्या पुंगळ्या मागं लांब, नवीनच्या बुटाजवळ आणि एका बाजूनं काळ्या. पिस्तूल ज्यांच्याकडून घेतलं त्यांना विचारलं तर म्हणाले, ते जरा जोरकस काडतुसं वापरायचे म्हणून कंपनीची मूळ स्प्रिंग काढून ताठ स्प्रिंग बसवली होती. मूळ स्प्रिंग त्यांच्या पेटीत सापडली, त्यांनी ती मला दिलीय.

आता स्प्रिंग मी स्वतः बदलू का आर्मररकडूनच (हत्यार दुरुस्त करणाऱ्याकडून) बदलून घेऊ?

निवृत्त_आर्मरर

या पिस्तुलात स्प्रिंग बदलणं म्हणजे स्लाइड उतरवणं, एवढंच. मॅन्युअल समोर ठेवून करता येईल. आधी चेंबर तपासा. ट्रिगरच्या स्क्रूंना मात्र हात लावू नका, ट्रिगरचं वजन १००० ग्रॅमच्या खाली गेलं तर इक्विपमेंट कंट्रोलमध्ये (मॅचमधली हत्याराची तपासणी) अडकाल. बदलल्यावर नवीन लॉटच मारून बघा आणि पुंगळ्या कुठे पडल्या ते इथे लिहा.