लास वेगासच्या पोकर रूममध्ये टेबल आणि सीट आपल्याला निवडता येते का?

कोथरूड_ऑल_इन:
नमस्कार मंडळी, जूनच्या शेवटी ऑफिसच्या कामासाठी वेगासला जातोय आणि लागून आलेला शनिवार-रविवार मोकळा ठेवलाय, लाइव्ह पोकर खेळायचंच असं ठरवलंय. माझं सगळं पोकर ऑनलाइन झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा आला तेव्हापासून तेही थांबलं. ऑनलाइन कसं, लॉबी उघडली की कुठल्या टेबलवर सरासरी पॉट (एका डावात मध्ये जमणारे पैसे) केवढा, किती जण फ्लॉप (मध्ये उघडले जाणारे पहिले तीन पत्ते) बघतायत, कोण कोण बसलंय सगळं समोर असायचं, बघून बसायचं आणि पटलं नाही की उठायचं. लाइव्ह रूममध्ये यातलं काय करता येतं? म्हणजे रिकामी खुर्ची दिसली की बसायचं का नंबर लावायचा, टेबल आपण सांगायचं का ते देतील ते घ्यायचं, आणि सीट बदलून मागितली तर कोणाला राग येतो का? १/२ किंवा १/३ नो-लिमिटच (म्हणजे छोटा ब्लाइंड १ आणि बिग ब्लाइंड २ किंवा ३ डॉलर, हे दर डावाला दोघांनी पाळीपाळीने आधीच टाकायचे पैसे) खेळणार आहे, त्याच्यावर बजेट नाही. यूट्यूबवर सगळे हँड्सबद्दल (डावांबद्दल) बोलतात, यावर कोणी नीट सांगत नाही.

सॅनहोजेकर:
रिकामी खुर्ची दिसली म्हणून जाऊन बसू नकोस, हे पहिलं. रूमच्या तोंडाशी काउंटर असतो, तिथे जाऊन नाव आणि गेम सांगायचा, "१/३ नो-लिमिट" एवढं बास. ते लिस्टवर टाकतात आणि नंबर आला की नाव पुकारतात किंवा मेसेज येतो. बऱ्याच रूम्सची लिस्ट ब्राव्हो नाहीतर पोकर ॲटलस ॲपवर दिसते, कुठे किती टेबलं चालू आहेत, किती जण थांबलेत, तुझी ऑनलाइन लॉबी म्हणजे जवळजवळ हीच, फक्त कोण बसलंय ते त्यात दिसत नाही, ते पायी जाऊन बघायचं. काही ठिकाणी ॲपवरूनच नाव लावता येतं पण ठराविक वेळात पोचलं नाही तर कटतं. पासपोर्ट जवळ ठेव, २१ च्या खाली आत घेत नाहीत.

पहिलं टेबल ते देतील तेच. एकाच वेळी दोन टेबलांवर जागा असेल तर मात्र कुठलं हवं ते विचारून घेता येतं, आणि खरी निवड सुरू होते ती बसल्यावर. फ्लोअरवाल्याला (टेबलं सांभाळणारा रूमचा माणूस) हाक मारायची, "टेबल चेंज प्लीज" म्हणायचं, तो नाव लिहून घेतो, दुसऱ्या टेबलवर जागा झाली की बाहेर थांबलेल्या नव्या माणसाच्या आधी साधारणपणे तुला विचारतात. कारण सांगावं लागत नाही. जाताना सगळ्या चिप्स बरोबर न्यायच्या, त्यातल्या थोड्या खिशात घालून कमी स्टॅकने (पुढ्यातल्या चिप्सने) बसलास तर चालत नाही, गेम तोच असेल तर पैसे टेबलवरच राहिले पाहिजेत.

सीटचं तर अजून सोपं. डीलरला म्हणायचं "सीट चेंज बटण द्या", तो एक प्लास्टिकची चकती तुझ्या चिप्सपुढे ठेवतो. कोणी उठून रॅकमध्ये चिप्स भरायला लागला की ती सीट आधी चकतीवाल्याला विचारतात, त्याने नको म्हटलं तरच नवा माणूस तिथे येतो. आधीच कोणाकडे चकती असेल तर तू दुसरा. यात नाराज व्हायचं काही कारणच नाही, रोज चालतं हे.

एक फरक लक्षात ठेव. नेवाडात बऱ्याच लहान गेम्समध्ये बसल्या बसल्या पत्ते मिळतात, आमच्याकडे कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी ब्लाइंड भरा नाहीतर बिग ब्लाइंड येईपर्यंत थांबा असं असतं. त्यामुळे इकडे टेबल बदलायला थोडा का होईना खर्च आहे, वेगासला जवळजवळ फुकट. तरी लोक बदलत नाहीत, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

उजवीकडे_पैसा:
वरची प्रोसेस अगदी बरोबर, आता बघायचं काय ते सांगतो, कारण माझ्या मते १/३ ला तुझ्या हातातला सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे, प्री-फ्लॉप चार्ट (फ्लॉपच्या आधी कुठल्या पत्त्यांवर खेळायचं त्याचा तक्ता) नाही.

नाव लावल्यावर बाकड्यावर बसून फोन बघू नकोस, रेलिंगपाशी उभा राहा आणि प्रत्येक टेबलचे पाच-सहा हँड्स बघ. फ्लॉपला किती जण जातायत? चार-पाच जात असतील तर ते टेबल हवं. रेझ (बेट वाढवली), सगळे फोल्ड (पत्ते टाकले), पुन्हा रेझ, सगळे फोल्ड असं चाललं असेल आणि निम्म्या लोकांच्या कानात हेडफोन असतील तर ते रोजचे खेळाडू, तिथून पुढे जा. गप्पा चालल्यात, शेवटी कोणीतरी फक्त जोडी घेऊन कॉल केलाय (समोरच्याएवढे पैसे भरलेत) आणि पत्ते उघडे करून दाखवतोय, असं टेबल शोध. स्टॅकही बघ, सगळे ६०-७० डॉलर घेऊन बसले असतील तर पत्ते चांगले येऊनही हाती काही लागत नाही, आणि दोघा-तिघांपुढे जास्तीत जास्त बाय-इनच्या (बसताना घेता येणाऱ्या चिप्सच्या) तिप्पट चिप्स असतील तर त्या कोणी कशा जिंकल्या ते कळेपर्यंत सांभाळून.

याच्यात रेकचाही (रूम पॉटमधून कापते ती फी) भाग आहे. नेवाडात रेक पॉटच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही आणि त्यालाही डॉलरमध्ये एक मर्यादा ठरलेली असते. म्हणजे ३० डॉलरच्या पॉटमधून पूर्ण टक्केवारी जाते आणि ३०० च्या पॉटमधून तेवढेच थोडे डॉलर. कॅलिफोर्नियात तर पॉटच्या टक्क्याने फी घ्यायला कायद्यानेच मनाई आहे, ठरलेली रक्कम कापतात, पॉट केवढाही असो. दोन्हीकडे छोट्या पॉट्सचं कंजूस टेबल सगळ्यांनाच महाग पडतं.

आता सीट. डीलरच्या डावीकडून १, २, ३ असे नंबर, बहुतेक नऊ जण, त्यामुळे डीलरच्या उजव्या हाताला ९. बोलायची पाळी डावीकडे सरकते म्हणून जो बेफाम रेझ करतो तो तुझ्या उजव्या हाताला हवा. समज सीट ४ वरचा माणूस दर दुसऱ्या हँडला १५-२० डॉलर करतोय. तू ३ वर असशील तर तू ३ डॉलर टाकून स्वस्तात फ्लॉप बघायला जातोस आणि मागून तो २० करतो, संध्याकाळभर हेच. तोच तू ५ वर असलास तर त्याने काय केलं ते बघून मग ठरवतोस, पत्ते चांगले असले तर परत रेझ करून बाकीच्यांना बाहेर काढतोस आणि त्याच्याशी एकट्याने खेळतोस. डावीकडे शांत, घाबरत खेळणारे, छोट्या स्टॅकचे लोक हवेत, ते तुझ्या ब्लाइंड चोरण्याला (रेझ करून सगळ्यांना फोल्ड करायला लावून ब्लाइंड जिंकण्याला) आडवे येत नाहीत. चकती मागायची ती यासाठी.

१ आणि ९ या दोन सीट्स मला स्वतःला आवडत नाहीत, मध्ये डीलर असल्याने एकमेकांकडचं काही दिसत नाही, वाकून वाकून मान दुखते. मधल्या सीटवरून सगळं टेबल दिसतं. पण उजवीकडे मोठ्या स्टॅकचा बेफाम खेळाडू असेल तर मी १ वरही आनंदाने बसेन.

मांडवीकाठ:
दोघांनी छान लिहिलंय. मी गोव्यात खेळतो म्हणून तिकडचा फरक सांगतो, परत आल्यावर उपयोगी पडेल. मांडवीतल्या बोटींवर प्रत्येक ठिकाणी वेगळी एंट्री, छोट्या बोटीने जायचं-यायचं, म्हणजे वेगासला दहा मिनिटं चालून दुसऱ्या रूममध्ये गेलो तसं इथे होत नाही, आणि आठवड्यात मधल्या दिवशी तुझ्या लेव्हलचं एकच टेबल असेल तर निवडणार काय? शिवाय गोवेकरांना १ फेब्रुवारी २०२० पासून खेळायला बंदी आहे, टेबलवर येणारे सगळे बाहेरचे, त्यामुळे शुक्रवार-शनिवारचं टेबल आणि मंगळवारचं टेबल यात फार फरक पडतो. आणि पाच पत्त्यांच्या ओमाहाचं (हातात पाच पत्ते मिळतात तो पोकर) लोकांना वेड, होल्डेमचं (हातात दोनच पत्ते मिळतात तो नेहमीचा पोकर) टेबल मध्येच ओमाहाचं करूया म्हणतात, नको असेल तर तेव्हाच स्पष्ट नको म्हणायचं. आमच्याकडे म्हणून टेबलपेक्षा सीट आणि वार जास्त महत्त्वाचे.

मात्र टेबल बदलण्याबाबत एका गोष्टीवर माझं मत काही जणांपेक्षा वेगळं आहे. एखादा टुरिस्ट उठला की लगेच आपणही उठून त्याच्या मागे दुसऱ्या टेबलवर जायचं, हे मला पटत नाही. तो माणूस सुट्टीवर आलेला असतो, त्याला कळतं की आपल्या मागे कोण का फिरतंय, आणि एकदा कळलं की तो खेळच सोडून जातो. टेबल बदला, जरूर बदला, पण माणसाचा पाठलाग नको.

उजवीकडे_पैसा:
हे मान्य, पाठलागाच्या बाजूने मीही नाही. कोणाच्या तोंडावर "हा गेला, मीपण जातो" असं करू नये. उठायचंच असेल तर आधीच टेबल चेंजला नाव लावून ठेवावं, ते साधं आणि सभ्य.

कोथरूड_ऑल_इन:
खूप खूप धन्यवाद, हे असंच हवं होतं. अजून दोन शंका. एका व्हिडिओत "मस्ट मूव्ह" ऐकलं, ते काय? आणि छोटी टूर्नामेंट खेळलो तर तिथेही सीट मागता येते का?

सॅनहोजेकर:
मस्ट मूव्ह म्हणजे एकाच गेमची दोन टेबलं चालू असतात तेव्हा एकाला मुख्य ठरवतात, नवीन माणसं दुसऱ्या टेबलवर बसवतात आणि मुख्य टेबलवर जागा झाली की दुसऱ्या टेबलवर ज्याला सर्वात जास्त वेळ झालाय त्याला तिकडे जावंच लागतं. टेबल कितीही चांगलं चाललेलं असो, नाही म्हटलं तर गेम सोडावा लागतो. म्हणून बसायच्या आधी काउंटरवर विचारून घे, "हे मस्ट मूव्ह आहे का?" म्हणजे निदान हलावं लागणार आहे हे डोक्यात राहतं, आणि तुझ्या आधी किती जण आहेत तेही विचार, सांगतात.

टूर्नामेंटमध्ये अजिबात मागता येत नाही, सीट ड्रॉने मिळते. लोक बाद होत गेले की टेबल तोडतात आणि पुन्हा ड्रॉ. टेबलांवरची माणसं समसमान करायची असली तर जास्त माणसं असलेल्या टेबलवरचा पुढचा बिग ब्लाइंड ज्याचा आहे त्याला उचलतात आणि नव्या टेबलवर सगळ्यात वाईट पोझिशनला बसवतात, असा २००१ पासून असलेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचा नियम आहे, बऱ्याच रूम्स तोच पाळतात. तेव्हा टूर्नामेंटला नशीब, कॅश गेमला निवड.

आणि जूनच्या शेवटी म्हणतोयस म्हणून सांगतो, तेव्हा डब्ल्यूएसओपी (वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, पोकरच्या मोठ्या टूर्नामेंट्सची मालिका) चालू असते, वेगासच्या हॉर्सशू आणि पॅरिस कॅसिनोंत प्रचंड गर्दी, कॅश गेमच्या लिस्ट लांबलचक. त्याच वेळी सगळ्या गावात टेबलंही सगळ्यात जास्त असतात आणि टूर्नामेंटमधून बाद झालेले लोक रात्री कॅश गेमला येऊन बसतात. दुपारीच जवळजवळच्या दोन-तीन रूम्समध्ये नाव लावून ठेव, आणि एकीकडे सीट मिळाली की बाकीच्यांना फोन करून किंवा ॲपवरून नाव काढून टाक.