मदत हवी आहे: गोड्या पाण्यातल्या पाकटांचा खुराक परवडेल असा कसा करावा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे मोटोरो जातीचे दोन पाकट मासे आहेत, एक नर आणि एक मादी. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधली ही जात, तपकिरी अंगावर काळ्या कडांचे पिवळे-नारिंगी ठिपके असलेली. दोघंही अंगाने चांगले आहेत. मादी आता जेवणाच्या ताटाएवढी झाली आहे आणि प्रश्न तिथूनच सुरू झाला.

लहान होते तेव्हा फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) आणि सोललेली कोळंबी यावर भागायचं. आता ब्लडवर्मची अख्खी पाकिटं लागतात आणि तरी मादी तळ हुंगत फिरत राहते. कोळंबी रोज द्यायची तर घरच्या किराण्याएवढा खर्च त्यावरच होतो. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा पुण्यात भाव आणखी चढतात. खाणं कमी करून पैसे वाचवायचे नाहीत, हे आधीच सांगते. त्यांना पोटभर आणि नीट मिळायलाच हवं. तेवढंच पोषण कमी पैशात कसं देता येईल, एवढंच विचारायचं आहे.

मला सुचलेले आणि लोकांनी सुचवलेले पर्याय असे: कोंबडीची कलेजी आणि काळीज (आमच्याकडे चिकनवाला जवळजवळ फुकट देतो), भिजवलेली सुकट, मांदेली, आणि दुकानदाराने सांगितलेले जिवंत छोटे गोल्डफिश. तळाला बसणारे पेलेट्स (माशांच्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या) आणून टाकले, पण दोघंही त्यावरून सरळ निघून जातात. यातलं काय चालेल आणि काय अजिबात नको? ज्यांनी मोठे पाकट सांभाळले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, आधी नको ते सांगतो. कलेजी, काळीज पूर्ण बंद. जमिनीवरच्या प्राण्यांची चरबी या माशांना नीट पचत नाही, ती यकृतात साठत जाते. फुकट मिळालं तरी महागात पडेल. सुकटीत मीठ असतं, शिवाय वाळवण्यात जीवनसत्त्वं जातात, तीही नको. गोल्डफिश तर मुळीच नको. त्यांच्याबरोबर परजीवी येतात आणि त्यांच्या मांसात थायामिनेज नावाचं एन्झाइम असतं, जे बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. मांदेलीच्या कुळातल्या माशांत आणि कोळंबीच्या काही जातींतही ते सापडतं. गोठवल्याने ते मरत नाही, शिजवल्यावर निकामी होतं. म्हणून कोळंबी द्या, पण रोज तीच एकटी नको.

आता पुण्यात राहून तुम्हाला सगळ्यात सोयीचा मासा म्हणजे चिलापी (तिलापिया). उजनीची चिलापी भिगवणहून येते, बारा महिने मिळते आणि समुद्रातली मासेमारी बंद असली तरी तिला फरक पडत नाही. तिच्यात थायामिनेजचा त्रास नाही. फक्त हिशोब नीट करा: किलोभर अख्ख्या चिलापीतून साधारण तिसरा हिस्सा निव्वळ मांस निघतं. तरीही कोळंबीपेक्षा स्वस्तच पडते, कारण कोळंबीचंही डोकं आणि साल जातंच. मासेवालीकडून खवले, काटे, पंख काढून फिले करून घ्या. धरणातला मासा असल्याने आठवडाभर कडक गोठवून मगच वापरा. एका वेळच्या मापाच्या चपट्या पुड्या करून ठेवल्या की रोज एक काढायची, फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात सुटी करायची, धुवायची आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करून द्यायची.

दुसरी गोष्ट गांडूळ, आणि ही मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो. गांडूळखत करणाऱ्यांकडून किलोवर मिळतात. पण जात विचारून घ्या. आयसेनिया नावाचं लाल, पट्टेरी गांडूळ डिवचलं की घाण वासाचा पिवळा द्रव सोडतं, त्यामुळे बरेच मासे ते थुंकतात. युड्रिलस म्हणजे आफ्रिकन गांडूळ मागा. ते जाडजूड असतं आणि पाकट त्यावर तुटून पडतात. आणल्यावर एक-दोन दिवस ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवा, पोटातली माती निघून जाते. एका टबात शेण आणि भाजीचा कचरा घालून घरीच वाढवलीत तर पुढचा खर्च नावापुरता. शेतातली उकरून मात्र आणू नका, औषधफवारणीचा भरवसा नसतो.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. पेलेट्सबद्दल माझा अनुभव लिहिते. हे मासे डोळ्यांनी बघून खात नाहीत. तोंड खाली, डोळे वर. वासाने शोधतात, अंग त्यावर पसरतात, कडा तळाला घट्ट दाबतात आणि खालून ओढून घेतात. म्हणून कोरड्या पेलेटवरून ते निघून जातात. पेलेट्स आधी कोळंबीच्या पाण्यात मुरवा आणि चिलापीच्या तुकड्याला चीर देऊन आत कोंबा. सवय लागली की हळूहळू मांस कमी आणि पेलेट जास्त करा. पेलेट किलोच्या भावाने महाग वाटतं, पण त्यात पाणी जवळपास नसतं. ओल्या मासळीत तीन चतुर्थांश पाणीच असतं, ते धरून तुलना करा.

मी महिन्याला एकदा घरी वड्या लावते. चिलापी आणि थोडी सालासकट कोळंबी उकडून बारीक वाटते, जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून त्यात कालवते. बी-१ची पूड मिश्रण कोमट झाल्यावरच घालते, कारण उष्णतेने ते जीवनसत्त्व नासतं. ताटात थापून, कापून गोठवते.

पुरेसं मिळतंय की नाही हे शेपटीच्या मुळाशी बघा. तिथे दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडांसारखी टोकं वर दिसायला लागली तर मासा उपाशी आहे. तो भाग भरलेला आणि गोल हवा. आणि उरलेलं अन्न लगेच काढा, ते कुजून होणारा अमोनिया यांना सहन होत नाही. स्वस्त खाणं देऊन पाणी बिघडवलं तर उपयोग काय?

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आत्ताच जाऊन बघितलं, मादीची शेपटी मुळाशी भरलेली आहे, नराच्या उजव्या बाजूला मात्र किंचित टोक जाणवतं. खायच्या वेळी ती त्याला रेटते, म्हणून आजपासून दोन कोपऱ्यांत वेगवेगळं टाकणार. चिलापी रविवारी आणते. दादा, पिंपरी-चिंचवड किंवा हडपसर बाजूला अर्धा-एक किलो युड्रिलस देणारं कोणी आहे का? मी फोन केलेले दोघेही दहा किलोच्या खाली देत नाहीत.